बटणांचा फोन, दुखरा अंगठा आणि ऊसतोडीचा हंगाम

रक्तदाब, थायरॉईड, गुडघेदुखी यांवर लिहिणाऱ्या डॉक्टरबाई आज मोबाईल फोनवर का लिहीत आहेत, असा प्रश्न तुम्हाला पडेल. कारण साधे आहे. दिवाळीनंतर माझा उजवा अंगठा दुखायला लागला आणि त्यावर उपाय शोधता शोधता मी फोनच्या दुकानापर्यंत पोचले. प्रश्न असा होता की कामाच्या फोनसाठी काचेचा पडदा सोडून पुन्हा बटणांच्या कीबोर्डकडे जावे का? वाटला होता त्यापेक्षा हा प्रश्न बराच वैद्यकीय निघाला.

आधी माझ्या कामाचे स्वरूप सांगते, नाहीतर एका खेडवळ तालुक्यातल्या डॉक्टरला एवढे काय टाईप करायचे असते, हे कळणार नाही. दसरा झाला की जामखेड तालुक्यातली आणि शेजारच्या आष्टी-पाटोद्याकडची पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीला निघतात. कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतलेली, आणि मग पाडव्याच्या आसपास परत येईपर्यंत फडात. या माणसांची मधुमेहाची, रक्तदाबाची, फिटची औषधे मात्र इथूनच चाललेली असतात. त्यांना सुट्टी नसते. पहाटे अंधारात ते फडात जातात आणि मी ओपीडीतून मोकळी होते तेव्हा ते मोळ्या भरत असतात. फोन लागत नाही, लागला तर बोलायला वेळ नसतो. म्हणून मी रोज रात्री मराठीत मेसेज लिहिते. हंगामात रोजचे तीस-चाळीस तरी होतात.

बोलून का पाठवत नाही, असे अनेक जण विचारतात. गुगलचे मराठी बोलून टाईप करणे २०१७ साली आले आणि मी ते वापरतेही. पण ओपीडीत बाहेरच्या बाकावर दहा माणसे बसलेली असताना एखादीच्या पाळीबद्दल किंवा टीबीच्या तपासणीबद्दल मोठ्याने बोलायचे कसे? ऑडिओ पाठवला तर तिकडे कोपीत सगळ्यांच्या कानावर जातो. आणि मुख्य गोष्ट म्हणजे डोस. लिहिलेला मेसेज पुन्हा वाचता येतो, शाळेत जाणारे पोर आईला वाचून दाखवते, तिथल्या मेडिकलवाल्याला दाखवता येतो. एकोणीस आणि एकोणतीस यांतला फरक खराब आवाजात हरवतो. लिहितानाही मी काही पथ्ये पाळते. इन्सुलिनचे 'युनिट' पूर्ण लिहिते, कारण इंग्रजीत आकड्याला चिकटून यू काढला की तो शून्यासारखा दिसतो आणि दहाचे शंभर होतात. लहान पडद्यावर १ आणि ९ सारखे दिसतात, म्हणून आकड्यापुढे अक्षरातही लिहिते. सांगायचा मुद्दा, हे सगळे अंगठ्याने टाईप करायचे असते.

अंगठ्यात नेमके काय होते

मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला हाडाचा एक उंचवटा लागतो. त्यावरून अंगठा बाहेर आणि वर नेणारे दोन स्नायुबंध, म्हणजे टेंडन, एका अरुंद बोगद्यातून जातात. अंगठा पुन्हा पुन्हा ताणला, विशेषतः मनगट वाकडे ठेवून, की त्या बोगद्याचे अस्तर जाड होते. टेंडन घासत सरकतात आणि दुखते. स्वित्झर्लंडचे सर्जन फ्रिट्झ डी क्वेरवेन यांनी १८९५ साली याचे वर्णन केले आणि आजही आजाराला त्यांचेच नाव आहे. तेव्हा मोबाईल नव्हता, हे लक्षात घ्या. धुणे पिळणारे, लेखणी चालवणारे, बाळ काखेत हात घालून उचलणाऱ्या आया यांना तो तेव्हाही होत होता. बाळंतिणीत तो आजही खूप दिसतो. आमच्याकडे तान्ह्या बाळाच्या लसीकरणाला आलेली आई 'मनगटात चमक मारते' म्हणाली की मी आधी तिथेच बोट ठेवते.

घरी करायची एक तपासणी आहे. अंगठा तळहातात ठेवून मूठ मिटा आणि मनगट हळूच करंगळीच्या बाजूला वाकवा. अंगठ्याच्या मुळाशी कळ आली तर शंका घ्यायची. जोर लावून करू नका. निरोगी माणसालाही थोडा ताण जाणवतोच.

दुसरा आजार याच्याशेजारीच राहतो आणि पन्नाशीच्या बायकांना अधिक गाठतो. तो म्हणजे अंगठ्याच्या मुळाच्या सांध्याची झीज. १९७७ साली कूनी आणि चाओ या संशोधकांनी मांडलेले गणित मला नेहमी आठवते: चिमटीच्या टोकाला १ किलोचा दाब दिला तर अंगठ्याच्या मुळाशी सांध्यावर सुमारे १२ किलोचा भार येतो. किल्ली फिरवणे, बाटलीचे झाकण उघडणे, जड फोन एका हातात धरून त्याच हाताच्या अंगठ्याने टाईप करणे, हे सगळे त्या सांध्याच्या हिशोबात जमा होते.

माझे दुखणे पहिल्या प्रकारचे होते. मी टाके घालते, बाळंतपणे करते, पोट तपासते. उजवा अंगठा हे माझे अवजार आहे. तो गेला तर अर्धे काम गेले, अशी धास्ती मनात होती, हे कबूल करायला हरकत नाही.

भाच्याचा सल्ला

पुण्यात संगणकाच्या नोकरीत असलेला माझा भाचा म्हणाला, "मावशी, तू काच बडवतेस. बटणांचा फोन घे. बोटाला बटण कळतं, बघावं लागत नाही, चुका कमी होतात." त्याच्या म्हणण्यात तथ्य होते. बटणाला कडा असते, दाबल्यावर ते खाली जाते आणि ते कळल्याचा निरोप त्वचेतून मेंदूला जातो. काचेवर हा निरोप नसतो. म्हणून आपण एकतर गरजेपेक्षा जोरात आपटतो, नाहीतर चुकून लागू नये म्हणून अंगठा हवेत अधांतरी धरून ठेवतो. हे अधांतरी धरणेच स्नायूंना थकवते. हात खाली ठेवून बसलेला माणूस आणि तासभर हात वर धरून उभा माणूस यांत जो फरक, तोच.

कामकाजाच्या बटणवाल्या फोनचा इतिहास तसा छोटा आहे. कॅनडातल्या वॉटर्लू गावच्या कंपनीने १९९९ साली ब्लॅकबेरीचे पहिले यंत्र काढले. ते खरे तर पेजर होते, आणि दोन अंगठ्यांनी पत्र लिहायची सवय त्याने जगाला लावली. २००८ सालचा नोकियाचा ई ७१ तुमच्यातल्या काहींना आठवत असेल. पातळ, पोलादी, पुण्यातल्या एमआरांच्या खिशात हमखास. आपल्याकडे २०१८ साली जिओफोन २ सुद्धा पूर्ण कीबोर्ड घेऊन आला होता, २९९९ रुपयांना. पण तोवर २००७ च्या आयफोनने दिशा बदलून टाकली होती. ब्लॅकबेरीच्या जुन्या फोनांची सेवा ४ जानेवारी २०२२ ला बंद झाली, आणि व्हॉट्सअॅप तर त्यांच्यावर २०१७ च्या अखेरीसच थांबले होते. भाच्याने कपाटातून काढून आणलेला जुना ई ७१ चालू झाला. त्याची बटणे दाबून फार बरे वाटले, पण माझ्या कामाचे त्यावर काहीच चालेना.

आता एक गंमत. अंगठ्याच्या या दुखण्याला इंग्रजीत 'ब्लॅकबेरी थंब' म्हणत. म्हणजे ज्या बटणांकडे मी उपाय म्हणून पाहत होते, त्यांच्याच नावाने आजार ओळखला जात होता! २००५ च्या सुमारास अमेरिकेत हातावर उपचार करणाऱ्या थेरपिस्टांनी या लहान यंत्रांबद्दल लोकांना सावध केले होते. बारीक बटण दाबायला थोडा का होईना जोर लागतो, अंगठ्याचे टोक वाकवावे लागते, आणि हजारो वेळा तेच करावे लागते. त्यामुळे 'बटण चांगले की काच चांगली' हा प्रश्न डॉक्टरच्या नजरेने अर्धवट आहे. किती वेळ, किती जड वस्तू धरून, मनगट कसे ठेवून आणि दोन अंगठे की दहा बोटे, हे विचारायला हवे.

तरीही प्रयोग केला. आजही काही छोट्या कंपन्या कीबोर्डचे अँड्रॉइड फोन काढतात, आणि आयफोनला खालून जोडायचे बटणांचे कव्हरही मिळते. भाच्याच्या मित्राकडचा असा एक फोन पंधरा दिवस वापरायला आणला. पहिल्याच दिवशी तो बाळांच्या वजनकाट्यावर ठेवला: ३०० ग्रॅमच्या आसपास. माझा नेहमीचा फोन २०० च्या आत होता. इंग्रजी टाईप करायला सुरेख. बटणांचा तो टकटक आवाज ऐकून आमची सिस्टर म्हणाली, "मॅडम, तहसीलमध्ये बसल्यासारखं वाटतंय."

अडचण मराठीची. बटणांवर छापलेली अक्षरे इंग्रजी, तीन ओळींत बसवलेली. आपली लिपी त्यात कोंबायची म्हणजे शिफ्ट आणि आल्ट यांची कसरत. 'स्त्री' हा शब्द पाहा. डोळ्यांना एकच अक्षर दिसते, पण टाईप करताना स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईकार अशी सहा बटणे होतात. काचेच्या कीबोर्डवर निदान अक्षरे मराठीत दिसतात आणि अर्धा शब्द लिहिला की पुढचा सुचवला जातो. त्या फोनवर आकड्यांसाठीही वेगळे बटण धरून ठेवावे लागे, आणि मला तर प्रत्येक मेसेजमध्ये आकडे. चौथ्या दिवशी डावा अंगठाही कुरकुरायला लागला. पंधरा दिवस पूर्ण केले, पण निर्णय तेव्हाच झाला होता.

कोणाला असा फोन घ्यायचाच असेल, तर दुकानात तो हातात घेऊन तुमच्या भाषेतला, तुमच्या कामातला एक पूर्ण मेसेज लिहून पाहा. 'हॅलो, टेस्टिंग' लिहून काही कळत नाही. सुरक्षेचे अपडेट किती वर्षे मिळणार आणि दुरुस्ती कुठे होणार, हेही विचारा. रुग्णांची माहिती ज्या फोनमध्ये आहे, तो अपडेटविना वापरणे मला तरी योग्य वाटत नाही. आणि जामखेडहून नगरला फक्त बटण बदलायला जाणे परवडत नाही. बटणांच्या फटीत घाण साचते ती वेगळीच. दवाखान्यात वापरायचा असेल तर फोन बंद करून ७० टक्के अल्कोहोलने ओलावलेल्या फडक्याने पुसावा, वरून फवारू नये.

बटणे कोणाला खरोखर लागतात

या सगळ्या खटाटोपात एक गोष्ट ध्यानात आली, ती मला माझ्या अंगठ्यापेक्षा महत्त्वाची वाटते. ज्यांना बटणांची गरज आहे ते मी नाही. माझे रुग्ण आहेत.

काचेचा पडदा दाबाने चालत नाही, तो विजेच्या सूक्ष्म भारावर चालतो. आपले बोट वीजवाहक असते, ते टेकले की पडद्यावरच्या विद्युतभारात बदल होतो आणि फोनला 'इथे बोट आहे' हे समजते. पण कोयता धरून धरून तळहाताला आणि बोटांना घट्टे पडलेले असतात. घट्टा म्हणजे मेलेल्या त्वचेचा जाड, कोरडा थर. त्यातून हा बदल नीट पोचत नाही. थंडीत बोटे फुटली की आणखी कमी. उसाचा चिकट रस लागला असेल तर पडदा भलतीकडेच पळतो. रेशन दुकानात अंगठा उमटत नाही म्हणून परत पाठवलेल्या आजी आपण पाहतो. तिथे झिजलेल्या रेषांचा प्रश्न असतो, इथे जाड कातडीचा. पण शिक्षा एकाच हाताला.

मधुमेहात आणखी दोन अडचणी येतात. बोटांचे सांधे आखडतात. दोन्ही तळवे नमस्कारासारखे जोडा. बोटे एकमेकांना पूर्ण टेकत नसतील तर हे आखडणे सुरू झाले असण्याची शक्यता आहे. आणि जुन्या मधुमेहात नसांवर परिणाम होऊन बोटांचीही संवेदना कमी होऊ शकते. अशा हाताला मोठे, उठून दिसणारे, खाली दबणारे बटण सोपे जाते. हात थरथरणाऱ्यांचेही तेच. थरथरत्या बोटाने काचेवर एकाऐवजी तीन गोष्टी उघडतात, बटण मात्र चुकून सहसा दाबले जात नाही. मोतीबिंदू असलेल्या माणसाला ५ या बटणावरचा बारीक उंचवटा बोटाने सापडतो.

माझी एक रुग्ण आहे, इन्सुलिनवर असलेली. चाळिशीतली, दरवर्षी टोळीबरोबर जाते. तिला रात्री साखर उतरण्याचा त्रास एकदा होऊन गेलेला. यंदा निघताना मुलाने दिलेला मोठ्या पडद्याचा फोन तिच्याकडे होता. मी तिला म्हटले, "मला फोन लावून दाखव." तिने चार वेळा बोट फिरवले, पडदा काही हलेना. मग ओढणीला बोट पुसले, तोंडाने फुंकर घातली. तरी नाही. ती हसली आणि म्हणाली, "मॅडम, हा माझं ऐकतच नाही. पोराचं ऐकतो." साखर उतरली असताना हात थरथरतो, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. त्या अवस्थेत न ऐकणारा फोन काय कामाचा? आम्ही तिला साधा बटणांचा फोन घ्यायला लावला, हजार-दीड हजारातला. २ हे बटण दाबून धरले की माझा नंबर, ३ वर मुलाचा. मेसेज मुलाच्या फोनवर जातात, पण हाक मारायचे साधन तिच्या स्वतःच्या हाताला जमणारे. साखरेची पुडी त्याच पिशवीत ठेवायला सांगितली.

डिसेंबरात एका पहाटे चारला तिचा फोन आला. घाम येतोय, हात कापतायत, एवढेच म्हणाली. साखर खा म्हटले, पंधरा मिनिटांनी मशीनवर बघ म्हटले, रात्रीचा डोस कमी केला आणि तो दुपारी लिहून मुलाला पाठवला. केंद्र सरकारने मार्च २०२० मध्ये काढलेल्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे, प्रत्यक्ष तपासणीनंतर सहा महिन्यांच्या आत त्याच आजारासाठी फोनवरून पाठपुरावा करता येतो. ऊसतोडीचा हंगाम साधारण तेवढाच असतो. म्हणून मी सगळ्यांना निघण्याच्या आधीच्या आठवड्यात एकदा समोर बसवून तपासते.

वापरणाऱ्याच्या हाताला साधन जमले पाहिजे, ही गोष्ट या गावाला नवीन नाही. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले, तेव्हा त्यांनी गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांतल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांना जे दिले ते त्यांच्या स्मरणशक्तीला, बोलीला आणि हाताला पेलणारे होते. याच्या अगदी उलटे चित्र २०२१ मध्ये दिसले, जेव्हा राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले. फोन कमी क्षमतेचे, वारंवार बिघडणारे आणि माहिती भरायचे अॅप इंग्रजीत. बातम्यांत तो आंदोलनाचा विषय झाला. मला त्यात हात आणि अवजार यांचा न जुळलेला सांधा दिसला.

मग मी काय घेतले? वजनाला हलका, साधा काचेचा फोन, आणि सोबत टेबलावर ठेवायचा छोटा ब्लूटूथ कीबोर्ड. फोन पुस्तकाला टेकवून उभा करते आणि रात्रीचे सगळे मेसेज दहा बोटांनी लिहिते. यासाठी इनस्क्रिप्ट शिकले. सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये ठरवलेली ही मांडणी आपल्या लिप्यांसाठीच केलेली आहे: स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. क इंग्रजी केवर, हलन्त डीवर. पहिला आठवडा रडकुंडीचा गेला, तिसऱ्या आठवड्यात बटणांकडे बघायची गरज उरली नाही. भाच्याचे म्हणणे असे वेगळ्या वाटेने खरे ठरले. या पद्धतीत अंगठ्याला स्पेसबार सोडला तर काम नाही.

फोनमुळेच सारे बरे झाले, असे मात्र म्हणणार नाही. अंगठ्याला आधार देणारा स्प्लिंट मी सहा आठवडे वापरला, दिवसा जमेल तसा आणि रात्री नेमाने. बाटल्यांची झाकणे इतरांकडून उघडून घेतली. एवढ्याने कमी होत नसेल तर त्या बोगद्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन देतात आणि त्याचा बहुतेकांना गुण येतो. मधुमेह्यांची साखर त्यानंतर काही दिवस वाढते, म्हणून डॉक्टरांना आधी सांगावे. क्वचित छोटी शस्त्रक्रिया लागते. मला इंजेक्शनपर्यंत जावे लागले नाही. दुखणे आता जड पातेले उचलताना तेवढे आठवण करून देते.

मनगट दुखते म्हणून मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणून आठवडेच्या आठवडे घेऊ नका, विशेषतः रक्तदाब, किडनीचा त्रास किंवा आम्लपित्त असेल तर. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होऊन जाग येत असेल तर तो वेगळा आजार असू शकतो, त्यात नस दबते. सांधा लाल होऊन सुजला, ताप आला, पकड एकदम कमी झाली किंवा पडल्यानंतर अंगठ्याच्या मुळाशी दुखत राहिले, तर थांबू नका, हात दाखवून घ्या. येताना तुमचा फोनही आणा. तो तुम्ही कसा धरता, ते मला पाहायचे असते.